पांढरी नागीण आणि खेकड्यातला भिक्षू

मंडळी, चिनी कथांतल्या प्राण्यांचं 'साप म्हणजे अमुक' असं कोष्टक मांडता येत नाही. पांढऱ्या नागिणीचंच बघा. फंग मंगलुंगच्या 1624च्या संग्रहात ती माणसाला भुलवणारी आहे. फाहाई भिक्षू तिला हांगचौच्या लैफंग मनोऱ्याखाली कोंडतो, आणि कथाही त्याचीच बाजू घेते. पुढे लोकांनी मात्र तिला निष्ठावान बायको केलं. 1924मध्ये तो मनोरा खरोखरच कोसळला, तेव्हा लू शुन यांनी आनंदानं लेख लिहिला. त्यात लोकसमजूत येते: शिक्षेला भिऊन फाहाई खेकड्याच्या कवचात लपला, कवच उघडलं की आत बसलेला दिसतो! तेव्हा नागिणीचा अर्थ लावण्याआधी, गोष्ट कोण कोणाच्या बाजूनं सांगतंय, ते आधी विचारा.