‘चालते ना!’ : मराठी टंकलेखनाविषयीच्या रूढ मतांची चिकित्सा

प्रस्तावना

संगणक, भ्रमणध्वनी आणि त्यांवरील आज्ञावली यांविषयी प्रत्येक वापरकर्त्याचे काही ना काही मत असते. ही मते ग्रंथांतून आलेली नसतात. प्राध्यापक कक्षातील गप्पांत, डीटीपीच्या दुकानात मुद्रिते तपासताना किंवा बिघडलेली फाइल दुरुस्त करून घेताना ती तयार होतात आणि तोंडोतोंडी फिरत राहतात. मराठी टंकलेखनाच्या बाबतीत अशी चार मते विशेष रूढ आहेत : ‘इनस्क्रिप्ट अवघड आहे’, ‘युनिकोड फॉन्ट छापायला चांगला दिसत नाही’, ‘जुन्या फॉन्टात सगळे व्यवस्थित चालते ना!’ आणि ‘आता बोलले की टाइप होते, मग शिकायचे कशाला?’

साहित्यकृतीविषयीच्या मतांची जशी चिकित्सा होते, तशी या मतांची सहसा होत नाही. ती किरकोळ समजली जातात. वस्तुतः त्यांच्याच आधारे महत्त्वाचे निर्णय होतात. महाविद्यालयाने कोणती आज्ञावली घ्यावी, नियतकालिकाने लेख कोणत्या फॉन्टात मागवावेत, संशोधकाने प्रबंध कोठे व कसा टंकित करून घ्यावा, हे सारे अशा मतांवरच ठरते. प्रस्तुत लेखात या चार मतांचा क्रमाने विचार केला आहे. ही मते अनुभव म्हणून बहुतांशी खरी आहेत. निकष म्हणून मात्र ती अपुरी आहेत, कारण त्यांत फक्त छापून हाती येणाऱ्या पानाची परीक्षा होते. छपाईनंतर त्या मजकुराचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येतच नाही.

पार्श्वभूमी

भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम १९७० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण ठरवली. इनस्क्रिप्ट कळफलकाची रचनाही त्याच प्रमाणीकरणाचा भाग होती. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीसाठी १२८ स्थाने राखलेली होती आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवर बेतलेली होती.

म्हणजे प्रमाणे वेळेवर तयार होती. बाजार मात्र वेगळ्या वाटेने गेला. विंडोज प्रणालीत देवनागरीची अंगभूत सोय विंडोज २००० पासून आली. तोपर्यंत छपाईची गरज थांबणारी नव्हती. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा आज्ञावलींनी व फॉन्टांनी ही गरज भागवली. वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके आणि विद्यापीठीय प्रबंध यांतून उमटले. खिळे जुळवण्याच्या जाचातून मराठी मुद्रणाची सुटका करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पुढील चिकित्सा ही कामगिरी मान्य करूनच केली आहे.

१. ‘इनस्क्रिप्ट अवघड आहे’

या मतामागे दोन वेगळे अनुभव आहेत. पहिला, पूर्वी टंकयंत्रावर शिकलेल्यांचा. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेसाठी मिनिटाला तीस शब्दांचा वेग कमावलेल्या बोटांना रेमिंग्टन पद्धतीची सवय झालेली असते. कृतिदेवसारखे फॉन्ट त्यांना लगेच आपलेसे वाटले, कारण त्यांत कळांची जागा जवळपास तीच राहिली. दुसरा अनुभव भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांचा. त्यांना वेगळा कळफलक शिकण्याची गरजच भासत नाही.

दोन्ही अनुभव प्रामाणिक आहेत. परंतु दोहोंत ‘अवघड’ या शब्दाचा अर्थ ‘अपरिचित’ एवढाच आहे. इनस्क्रिप्टची रचना पाहिली तर तिच्यात वर्णमालेचाच तर्क आढळतो. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ज्या कळेवर ‘क’ तिच्यावरच शिफ्ट दाबून ‘ख’. ‘ग’च्या कळेवर ‘घ’, ‘त’च्या कळेवर ‘थ’, ‘प’च्या कळेवर ‘फ’. अल्पप्राण-महाप्राण ही जोडी ज्याला ठाऊक आहे, त्याला अर्धा कळफलक आधीच ठाऊक आहे.

रोमन अक्षरांतून लिहिण्याच्या पद्धतीने असंख्य लोकांना मराठी लिहिते केले, हे नाकारता येणार नाही. मात्र तेथे ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘श’ आणि ‘ष’ यांतील निवड पुष्कळदा आज्ञावली सुचवते आणि लिहिणारा ती स्वीकारतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांतील फरक रोमन लिपीत दिसतच नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ला कळफलकावर स्वतंत्र जागा आहे, तेथे समुद्र लिहायचा की डोंगरातील दरी, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. सोपेपणाचा विचार करताना हा निर्णय कोणाच्या हाती राहतो, हेही पाहणे आवश्यक आहे.

२. ‘युनिकोड फॉन्ट चांगला दिसत नाही’

या मतात एक वर्गीकरणाची चूक आहे. युनिकोड हा फॉन्ट नाही. कोणत्या वर्णाला कोणता संकेतांक, हे ठरवणारी ती व्यवस्था आहे. अक्षर कसे दिसावे, हे फॉन्ट ठरवतो. एखाद्या युनिकोडाधारित फॉन्टचे वळण आवडले नाही म्हणून युनिकोड नाकारणे, हे एखाद्याचे हस्ताक्षर आवडले नाही म्हणून मुळाक्षरे नाकारण्यासारखे आहे.

तरीही या तक्रारीत तथ्य होते. विंडोजबरोबर येणारा मंगल हा फॉन्ट पडद्यासाठी घडवलेला होता आणि त्यातील ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदी धाटणीची होती. मराठी वाचकाला ती खटकणे स्वाभाविकच होते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण मराठी वर्णमाला निश्चित केली, यावरून अक्षरांच्या वळणाचा प्रश्न केवळ हौसेचा नव्हता, हे दिसते. ‘अ‍ॅ’ या उच्चारासाठी स्वतंत्र वर्णाची सोयही युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आली. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवावे लागे. मुद्रकांची अडचण तर अधिकच खरी होती. ज्या पेजमेकरवर महाराष्ट्रातील असंख्य पुस्तके जुळवली गेली, त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तीत युनिकोडची सोय नव्हती. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांच्या जुळणीची सोय २०१२ च्या आवृत्तीपासून मिळाली. या मधल्या काळात मुद्रकाने ‘युनिकोडमधला मजकूर नको’ असे म्हटले, तर तो आळस नव्हता.

मात्र आज ती परिस्थिती राहिलेली नाही. मुक्तपणे मिळणारे देवनागरी युनिकोड फॉन्ट अनेक आहेत आणि त्यांपैकी काहींत मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ दाखवण्याची सोय आहे. कारण संपल्यावरही मत टिकून राहिले, तर ते मत न राहता सवय बनते. प्रस्तुत उदाहरण नेमके तसे आहे.

३. ‘जुन्या फॉन्टात चालते ना!’

चारही मतांत हे मत सर्वांत बळकट आहे, कारण ते प्रत्यक्ष पानाकडे बोट दाखवते. पान सुबक दिसते, शुद्धलेखन नीट आहे, मग दोष कोठे? याचे उत्तर पानावर नसून पानामागे आहे.

जुन्या फॉन्टात संगणकाच्या दृष्टीने मराठी मजकूर नसतोच. तेथे रोमन अक्षरांचे संकेतांक असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी आकारांचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकित केला, की फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांचा पुंजका साठतो. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा उतरतो आणि तो निरर्थक पुंजका उघडा पडतो. दुसऱ्या संगणकावर उघडलेल्या फाइलची जी ‘बिघडण्याची’ तक्रार सर्वत्र ऐकू येते, ती वास्तविक बिघाडाची तक्रार नाही; फाइलमध्ये मुळात काय होते, ते त्या वेळी दिसते एवढेच.

याहून खोल दोष रचनेचा आहे. टंकयंत्राच्या परंपरेनुसार ‘भ’, ‘ण’, ‘ख’, ‘श’ ही अक्षरे तेथे दोन तुकड्यांनी बनतात : अक्षराचा पुढचा भाग आणि उभा दंड. हाच दंड काना म्हणूनही वापरला जातो. परिणामी एखादी उभी रेघ स्वरचिन्ह आहे की व्यंजनाचा अवयव, हे संकेतांकावरून कळत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठतो, कारण कागदावर ती आधी दिसते. ‘धर्म’मधील रफार ‘म’नंतर साठतो, जरी उच्चारात ‘र्’ ‘म’च्या आधी येतो. युनिकोडमध्ये साठवण उच्चाराच्या क्रमाने होते आणि दिसण्याचा क्रम फॉन्ट सांभाळतो. थोडक्यात, जुन्या फॉन्टात अक्षराचे चित्र साठते, तर युनिकोडमध्ये वर्ण साठतो. शिवाय प्रत्येक उत्पादकाची तुकड्यांची मांडणी निराळी असल्यामुळे एका फॉन्टातील मजकूर दुसऱ्या फॉन्टात वाचता येत नाही.

या फरकाचे परिणाम शैक्षणिक क्षेत्राला थेट भोगावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा होऊ लागले आणि इनफ्लिबनेटच्या शोधगंगा या भांडारात ते खुले झाले. जुन्या फॉन्टात टंकित झालेला मराठी प्रबंध तेथे दिसतो, वाचताही येतो. परंतु त्याच्या मजकुरात ‘दलित आत्मकथन’ किंवा ‘ओवी’ असा शब्द शोधला, तर तो सापडत नाही. त्या प्रबंधातील उतारे नव्या प्रबंधात जसेच्या तसे आले, तरी वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या आज्ञावलीला ते मजकूर जुळवून ओळखता येत नाहीत. आयोगाची वाङ्मयचौर्यविषयक नियमावली २०१८ मध्ये आली; पण ज्या मजकुराला यंत्र मराठी म्हणून ओळखतच नाही, त्याच्याबाबत ती निम्मी निष्प्रभ ठरते.

सर्वांत गंभीर परिणाम दृष्टिहीन विद्यार्थ्यांवर होतो. स्क्रीन रीडर ही आज्ञावली पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवते आणि ती आता मराठीही वाचते. परंतु तिला अक्षराचा मुखवटा दिसत नाही. ती संकेतांक वाचते. सुबक छापलेल्या मराठी टिपणांची फाइल अशा विद्यार्थ्याच्या हाती पडली, की त्याच्या कानी रोमन अक्षरांची अर्थहीन बडबड येते. ‘चालते ना!’ या उद्गारात कोणाचे चालते आणि कोणाचे अडते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

युनिकोड निर्दोष आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगत येतो, तर मराठी वर्णक्रमात तो ‘ह’नंतर येतो, त्यामुळे सूची करताना वर्णक्रमाचे नियम वेगळे द्यावे लागतात. युनिकोडमधील मजकुराची पीडीएफ करतानाही जोडाक्षरे विस्कटू शकतात. परंतु हे दोष ज्ञात आहेत आणि मूळ फाइल जपली तर दुरुस्त होऊ शकतात.

४. ‘आता बोलले की टाइप होते’

हे मत सर्वांत नवे आहे. गूगलने २०१७ मध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी बोलून लिहिण्याची सोय दिली आणि कळफलकाचा वादच संपला, असे अनेकांना वाटू लागले. पूर्वी मराठीत लघुसंदेश पाठवणे महाग पडे, कारण एका संदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावत, तर देवनागरीची ७०. ती अडचण इंटरनेटवरील संदेशांनी दूर केली आणि टंकलेखनाची अडचण आवाजाने दूर केली, अशी ही समजूत आहे.

निरोप देण्यापुरती ती योग्यही आहे. हाताने लिहू न शकणाऱ्यासाठी तर ही सोय अमूल्य आहे. परंतु लेखन म्हणजे बोलणे कागदावर उतरवणे नव्हे. विरामचिन्हे, अवतरणे, पारिभाषिक संज्ञा, कवितेच्या ओळी आणि बोलीतील रूपे यांपाशी बोलून केलेले टंकलेखन अडखळते. प्रमाण भाषेतील जवळचा शब्द घालून यंत्र पुढे गेले, तर लोकसाहित्याच्या अभ्यासकाने नोंदवलेल्या ओवीचा मूळ पाठच हरवतो. तपासणी आणि दुरुस्ती शेवटी हातानेच करावी लागते.

या मताची दुसरी बाजू अधिक विचारणीय आहे. बोलणे ओळखणारी, भाषांतर करणारी आणि प्रश्नांना उत्तरे देणारी आजची यंत्रे उपलब्ध मजकुरावरच घडतात. जो मराठी मजकूर रोमन मुखवट्याखाली पडून आहे, तो त्यांच्या दृष्टीने मराठी नाही. म्हणजे ज्या नव्या सोयीच्या भरवशावर जुन्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले जाते, ती सोय मराठीत किती चांगली होणार, हे त्याच जुन्या प्रश्नावर अवलंबून आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की चारही मते अनुभवातून आली आहेत आणि प्रत्येकीत एकेकाळी सबळ कारण होते. त्यांची मर्यादा अशी, की ती टंकलेखनाला छपाईची पूर्वतयारी समजतात. टंकयंत्राच्या काळात हे बरोबर होते, कारण तेव्हा कागद हेच अंतिम फळ होते. संगणकावर मात्र कागद हे मजकुराच्या अनेक रूपांपैकी एक आहे.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. महाविद्यालयीन नियतकालिकांनी लेख अमुक फॉन्टात मागवण्याऐवजी युनिकोडमध्ये मागवावेत आणि छपाईनंतर मूळ फाइल जतन करावी. संशोधन केंद्रांनी प्रबंध स्वीकारताना त्यातील एखादा शब्द शोधून पाहावा. तो सापडला नाही, तर फाइल परत करावी. जुन्या अंकांचे रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. त्यांचे काम शंभर टक्के अचूक नसते, म्हणून ते तपासण्याची जबाबदारी मराठी विभागांनी घ्यावी. टंकलेखक व मुद्रक यांच्यावर हा प्रश्न सोडून चालणार नाही, कारण कोणत्या स्वरूपात मजकूर हवा, हे सांगणारा ग्राहक बहुधा प्राध्यापकच असतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांचे दाखले दिले गेले. ते लेख दगडावर असूनही वाचता आले, कारण त्यांतील प्रत्येक खूण एका निश्चित वर्णाची होती. गेल्या तीस वर्षांत महाविद्यालयांतून टंकित झालेल्या मराठी मजकुराविषयी असे म्हणता येईल का, याचे उत्तर प्रत्येक विभागाला आपल्या कपाटातील जुन्या सीडी उघडून पाहिल्यावर मिळेल.