चौकट आधी की घटक आधी?

दहावीचा निकाल जवळ आला की दादर-गिरगावातल्या घरांत अभिक्षमता चाचणीचा विषय निघतोच. हातात अहवाल पडतो: भाषिक क्षमता इतकी, अवकाशीय क्षमता इतकी. त्यावरून मुलाची शाखाही ठरते. पण या क्षमता वेगवेगळ्या आहेत, हे ठरवलं कोणी? ‘घटक विश्लेषणाने’ हे नेहमीचं उत्तर. संशोधनात उतरणार असाल, तर तेवढ्यावर थांबू नका.

पद्धत थोडक्यात अशी. शेकडो मुलांना अनेक चाचण्या द्यायच्या, गुणांमधले सहसंबंध काढायचे आणि ते मोजक्या घटकांतून मांडायचे. गोची पुढे आहे. घटकांचे अक्ष फिरवले, म्हणजे रोटेशन केलं, तरी मूळ सहसंबंध तितकेच नीट जुळतात. मग कुठे थांबायचं? ते आकडे सांगत नाहीत, आपण ठरवतो.

गिलफर्ड यांचं उदाहरण घ्या. ५ प्रक्रिया, ४ आशय आणि ६ फलिते, असे गुणून त्यांनी १२० क्षमता मांडल्या. महाराष्ट्रात हे प्रारूप वापरात आणलं ते पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने, डॉ. उषा खिरे यांचं त्यातलं काम महत्त्वाचं आहे. बुद्धी म्हणजे एकच आकडा नव्हे, असं मानून शिकवण्याची आखणी करायला हे प्रारूप खरंच उपयोगी पडतं.

पण उपयोगी असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. गिलफर्ड अक्ष फिरवत ते स्वतःच्याच चौकटीच्या दिशेने. या तंत्राला प्रोक्रस्टीसचं नाव आहे. ग्रीक कथेतला हा दरोडेखोर पाहुण्याला खाटेच्या मापाचा करायचा: ताणून, नाहीतर पाय कापून. १९७३ मध्ये हॉर्न आणि नॅप यांनी यदृच्छेने बनवलेले ‘सिद्धांत’ याच रीतीने तपासले. तेही जवळपास तितकेच जुळले! ज्या परीक्षेत कोणीही पास होतो, ती परीक्षा कसली?

जॉन कॅरल यांनी १९९३ मध्ये ४६० हून अधिक माहितीसंच पुन्हा तपासले. क्षमता अनेक दिसल्या, पण एकमेकींशी जोडलेल्या, आणि सगळ्यांच्या वर एक सामान्य क्षमता.

म्हणून तुमच्या प्रबंधात रोटेशन कोणतं आणि का, हे स्पष्ट लिहा. घटकांना एकमेकांशी संबंध ठेवायची मुभा द्या. आपल्या प्रारूपासमोर निदान एक प्रतिस्पर्धी प्रारूप उभं करा. आणि विश्लेषणाला बसण्याआधीच कागदावर लिहून ठेवा: कोणता निकाल आला तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल? याचं उत्तर सापडत नसेल, तर त्या घटकांच्या नावावर कोणाच्या मुलाची शाखा ठरवू नका.