'आयगेन' नावाचा माणूस

एम.एस्सी.च्या वहीत मी एकदा लिहिलं होतं, 'आयगेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून आयगेन व्हॅल्यू.' वही पेठ वडगावच्या घरी अजून आहे. तुमच्याही वहीत असं काही असेल तर आधी ते खोडा.

गंमत म्हणजे मानफ्रेड आयगेन नावाचा शास्त्रज्ञ खरंच होता. १९६७ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालेला. पण जन्म १९२७ चा! आणि डेव्हिड हिल्बर्टने 'आयगेनवेर्ट' हा शब्द समाकल समीकरणांवरच्या लेखनात १९०४ मध्येच वापरलाय. माझी व्युत्पत्ती पाडायला दोन सालं पुरेशी होती. मी ती बघितली नाहीत, एवढंच.

'आयगेन' म्हणजे स्वतःचा, अंगचा. 'वेर्ट' म्हणजे मूल्य. आपल्या व्याकरणात याला कर्मधारय म्हणू. आपली हलगी घ्या. शेकली की चामडं ताणतं, सूर चढतो. मग वाजवणारा कोणीही असो, सूर तिचा तिचाच. त्या कंपनाचं समीकरण मांडलं की ठरावीक मूल्यांनाच उत्तर मिळतं. ती तिची आयगेनमूल्यं. 'तिची' हा शब्द इथे फुकटचा नाही.

मग घोटाळा कुठे होतो? श्रोडिंगरच्या १९२६ च्या प्रसिद्ध निबंधमालेच्या शीर्षकातच 'आयगेनवेर्ट' आहे. इंग्रजीने शब्द घेताना 'वेर्ट'चं भाषांतर केलं, 'आयगेन' तसाच ठेवला. आपण तीच अर्धी पाटी उचलली. इंग्रजीत निदान eigenvalue मधला पहिला e लहान लिपीत असतो, त्यामुळे शंका तरी येते. देवनागरीत ती सोय नाही. 'बेसेल फलन' आणि 'आयगेन फलन' शेजारी लिहा, दोन्ही माणसंच वाटतात. बेसेल माणूस आहे, आयगेन नाही. 'स्वमूल्य' म्हणावं तर ते स्वाभिमानाच्या व्याख्यानासारखं वाटतं. माझं मत, शब्द 'आयगेन'च ठेवा, पण पहिल्या तासालाच फोडून सांगा.

अजून एक. जर्मन 'आयगेन', इंग्रजी 'ओन' आणि संस्कृत 'ईश्' (मालकी असणे, सत्ता असणे) ही एकाच मुळाची मानली जातात. हे वाचून लगेच 'जर्मन संस्कृतातून आली' असं फॉरवर्ड करू नका. चुलत भावाला कोणी बाप म्हणत नाही. आणि या नात्यावरून मॅट्रिक्सबद्दल काहीच कळत नाही. मी मात्र सेमिनारमध्ये 'ईश्वर' पर्यंत गेलो होतो. समोरून एकच प्रश्न आला, "मग डिटरमिनंट काढा."