मौनातला ‘मी’
मेंदू-संगणक जोडणीच्या नैतिकतेची चर्चा आपल्याकडे भविष्यकाळात होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने मात्र २००८ मध्येच एका खून-खटल्यात मेंदूच्या विद्युत-आंदोलनांची चाचणी, अन्य पुराव्यांसोबत, दोषनिश्चितीसाठी स्वीकारली. या चाचणीत आरोपीला प्रथमपुरुषी विधाने ऐकवतात. आरोपी गप्प असतो आणि यंत्र त्या मौनात ‘अनुभव’ वाचते. संहिता तपासकाची, ‘मी’ आरोपीचा. परक्या ‘मी’त शिरून अनुभवणे ही तर प्रत्येक कादंबरीवाचकाची सवय! आठवणे आणि कल्पिणे यांतील सीमारेषाच विवाद्य असताना यंत्राने ती गृहीत धरली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ‘सेल्वी’ निकालात संमतीने झालेल्या चाचणीचा अहवालही पुरावा म्हणून नाकारला, कारण प्रतिसादांवर व्यक्तीचे जाणीवपूर्वक नियंत्रण नसते. स्वेच्छेच्या चाचणीतून पुढे हाती लागलेली वस्तू मात्र ग्राह्य ठरू शकते. म्हणजे नियंत्रण नसलेल्या वक्त्याचे न उच्चारलेले वाक्य मागच्या दाराने न्यायालयात येतेच.