डार्विनच्या उपपत्तीतील प्रमाणविचार

चार्ल्स डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. उत्क्रांतीची कल्पना त्यापूर्वीही मांडली गेली होती. ती घडवून आणणारे कारण सप्रमाण दाखविणे, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. मात्र त्यातील सर्वच प्रमाणे सारख्या बळाची नाहीत.

पहिल्या प्रकरणात पाळीव कबुतरांचे विवेचन आहे. पिसारा फुलविणारा लक्का काय किंवा गळा फुगविणारे कबूतर काय, ही सारी रानपारव्यापासून माणसाने निवडीने घडविली, हे डार्विन प्रत्यक्ष नमुन्यांवरून दाखवितो. परंतु निसर्गही अशी निवड करतो, हे जेथे सिद्ध करावयाचे, त्या चौथ्या प्रकरणात तो चपळ लांडग्यांचे उदाहरण काल्पनिक म्हणूनच देतो. मुख्य खांबाच्या जागी कल्पना असावी, हे ग्रंथाचे वैगुण्य. ते न लपविणे, हा त्याचा प्रामाणिकपणा.

ही उणीव पुढे इंग्लंडातील एका पतंगाने भरून काढली. ‘पेपर्ड मॉथ’ या फिकट पतंगाचा काळा प्रकार मँचेस्टरला १८४८ साली सापडला; १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. काजळीने काळवंडलेल्या झाडांवर फिकट पतंग पक्ष्यांना चटकन दिसतात, ही उपपत्ती बर्नार्ड केटलवेल याने १९५३ व १९५५ साली प्रयोगाने तपासली. काळवंडलेल्या वनात काळे पतंग अधिक वाचले, स्वच्छ वनात फिकट. तथापि त्याने पतंग उघड्या खोडांवर ठेवले होते, हा आक्षेप रास्त होता. म्हणून मायकेल मॅजेरस याने २००१ ते २००७ या काळात केंब्रिज येथे ४,८६४ पतंग सोडून, विश्रांतीची जागा त्यांनाच निवडू दिली. तोवर हवा निवळली होती. या वेळी पक्ष्यांनी काळे पतंगच अधिक टिपले. दोष प्रयोगात होता, उपपत्तीत नव्हता.

तरीही या प्रमाणाची मर्यादा ओळखली पाहिजे. काळा व फिकट पतंग एकाच जातीचे आहेत. त्यांवरून निवड सिद्ध होते, नव्या जातीची उत्पत्ती नव्हे. त्यासाठी डार्विनच्याच भौगोलिक प्रकरणांकडे वळावे लागते. दूरच्या सागरी बेटांवर वटवाघळे आहेत, मूळचे बेडूक मात्र नाहीत. प्रत्येक जाती तेथल्या तेथे स्वतंत्रपणे निर्माण झाली असती, तर बेडकांनाच का वगळले गेले, याचे उत्तर मिळत नाही. खारे पाणी बेडकांना ओलांडता येत नाही, वटवाघळे उडून जातात, हे उत्तर साधे आहे. जेथून पोहोचता येते तेथून जीव येतात व तेथेच बदलत जातात.

निवडीचे प्रमाण पतंगात, वंशपरंपरेचे प्रमाण बेटांत. या दोहोंची गल्लत न करणारा वाचकच या ग्रंथाला न्याय देऊ शकेल.