गीझरचे तारे आणि बादलीचा हिशोब

खारघरमध्ये गीझर घ्यायला गेलो की विक्रेता आधी लेबलावरचे तारे दाखवतो. पाच तारे म्हणजे विजेची बचत, असा त्याचा युक्तिवाद. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे हे लेबल खोटे नाही. मात्र आंघोळीला किती वीज लागेल हे ते सांगत नाही, आणि ग्राहकाला तर तेच हवे असते.

साठवणीच्या गीझरला तारे मिळतात ते एका मोजमापावर. टाकीतले पाणी न वापरता भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंश सेल्सिअसने गरम राखायचे आणि २४ तासांत त्यापायी किती वीज गेली ते पाहायचे. ही परीक्षा टाकीच्या उष्णतारोधक अस्तराची झाली. गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घराला तिचा उपयोग आहे. सकाळी वीस मिनिटे लावून बंद करणाऱ्याला फारसा नाही.

आता पाण्याकडे पाहू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात; विजेचे एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. समजा, नळाचे पाणी २५ अंशांवर आहे आणि अंगावर ४० अंशांचे हवे आहे. २० लिटरच्या बादलीला १२६० किलोज्यूल, म्हणजे ०.३५ युनिट लागेल. मिनिटाला १० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहिलो, तर ८० लिटर पाणी आणि १.४ युनिट: बरोबर चौपट! तारे कितीही असोत, हा खर्च कमी होत नाही. कारण विजेची जवळजवळ सगळी उष्णता कोणत्याही गीझरमध्ये पाण्यातच जाते. मिनिटाला ६ लिटरचा शॉवर पाच मिनिटे वापरला, तर मात्र अर्ध्या युनिटाच्या आसपास भागते.

'इन्स्टंट' गीझरला पाणी साठवावे लागत नाही, पण ३ किलोवॅटचा गीझर १५ अंशांची वाढ देताना मिनिटाला ३ लिटरही पुरवू शकत नाही. ब्रिटनमधले विजेचे शॉवर ८ ते १० किलोवॅटचे असतात ते यामुळेच. आपला १६ अँपिअरचा सॉकेट पावणेचार किलोवॅटच्या पुढे जात नाही. त्यामुळे इन्स्टंट गीझरवाला निमूटपणे बादली भरतो. (गैरसोयीतून आलेली ही काटकसर आम्हाला तरी पसंत आहे.)

गच्चीवरचा सौर बंब वीज वाचवतो हे खरे. पण उंच इमारतीत खालच्या मजल्यावर नळीतले गार झालेले पाणी आधी सोडून द्यावे लागते. उन्हाळ्यात पाणीकपात सोसणाऱ्या खारघरला ही किंमत लहान नाही. ते पाणी बादलीत धरता येते. शॉवरखाली ते थेट मोरीत जाते.

ऑस्ट्रेलियात २००५ च्या कायद्यानुसार शॉवरच्या लेबलावर मिनिटाला किती लिटर हा आकडा छापावा लागतो. आमच्या मते आंघोळीच्या विजेबद्दल खरी माहिती देणारा आकडा हाच. वर्गात तो काढायला बादली आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरे.