प्रयोग हीच मांडणी : अशोक दा. रानडे यांच्या कार्याचा एक अलक्षित भाग

'प्रयोग' या शब्दाचे दोन अर्थ मराठी माणूस एकाच श्वासात वापरतो. नाटकाचा प्रयोग होतो, आणि प्रयोगशाळेतही प्रयोगच होतो. सादर करणे आणि पारखून पाहणे या दोन क्रियांना एकच संज्ञा देणाऱ्या आपल्या भाषेत 'प्रायोगिक' हे विशेषण मात्र जवळजवळ नाटकाच्याच मालकीचे झाले. दादरच्या छबिलदास शाळेत 1974 पासून 'आविष्कार'च्या पुढाकाराने जी रंगभूमी उभी राहिली तिची चिकित्सा झाली, तिच्यावर वाद झाले, तिचा इतिहासही लिहिला गेला. संगीतात 'प्रायोगिक' कशाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र मराठी समीक्षेने क्वचितच गंभीरपणे हाताळला. हा प्रश्न ज्यांच्या कामातून अटळपणे उपस्थित होतो त्या अशोक दा. रानडे (1937–2011) यांना आपण ग्रंथकार म्हणून वाचतो. रचनाकार आणि कार्यक्रमांचे संकल्पक म्हणून त्यांनी जे केले, ते मात्र रसिकांच्या आठवणींच्या खात्यात जमा होते. ही विभागणी मुळातच सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

'संगीताचे सौंदर्यशास्त्र' (1971) या ग्रंथापासून रानडे यांच्या विचाराचा रोख स्पष्ट आहे. संगीताविषयी बोलताना आपण रागनामे, घराणी आणि गायकांची चरित्रे यांतच फिरत राहतो. त्यापलीकडे जाणारी परिभाषा ते घडवू पाहत होते. स्ट्राविन्स्कीच्या सौंदर्यविचारावर त्यांनी मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले, यातील धाडस आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही. (ख्यालाच्या मैफलीत रमणाऱ्या वाचकापुढे स्ट्राविन्स्की ठेवणे, हाही एक प्रयोगच.) परंतु त्यांची सर्वांत फलदायी कल्पना संगीताच्या कोटींची आहे. आदिम, लोक, धर्म, कला आणि जन अशा कोटी त्यांनी कल्पिल्या. पुढे त्यांत संगमसंगीताची भर घातली. या कोटी म्हणजे उच्चनीचतेची उतरंड नव्हे. प्रत्येक कोटीची गाणारा व ऐकणारा यांच्या नात्याची, स्थळकाळाची आणि हेतूची स्वतःची व्यवस्था असते, आणि तिच्या निकषांवर दुसऱ्या कोटीला जोखता येत नाही. लोकगीताला 'साधे' म्हणणारा अभिजन श्रोता कोटिभ्रम करीत असतो, हे या मांडणीचे फलित.

रानडे यांची पूर्वपीठिका येथे महत्त्वाची आहे. गजाननराव जोशी यांच्यासारख्या गुरूंकडून त्यांनी ख्यालगायकीची तालीम घेतली आणि आवाजसाधनाशास्त्राचे मार्गदर्शन बी. आर. देवधर यांच्याकडून. देवधरांनी 1925 मध्ये स्थापलेली गिरगावातली संगीतशाळा हे कंठाकडे चिकित्सकपणे पाहणारे मुंबईतील एक विरळ ठिकाण होते. आवाज ही दैवी देणगी मानून हात जोडण्याऐवजी तो कसा निर्माण होतो, कशाने बिघडतो, कशाने पालटतो, हे तेथे विचारले जाई. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालकपद (1968–1983) आणि 1984 पासूनचा नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए. मधील संशोधनकार्याचा काळ, या दोन्ही टप्प्यांवर ही जिज्ञासा कायम राहिली. तिचा विषय तेवढा विस्तारला : कंठापासून कोटीपर्यंत.

'देवगाणी', 'बैठकीची लावणी' यांसारख्या त्यांच्या सूत्रबद्ध कार्यक्रमांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. त्यांना 'गाण्यांचा कार्यक्रम' म्हणणे अपुरे आहे. गाण्यांच्या निवडीत एक विधान असे, त्यांच्या क्रमात युक्तिवाद असे, आणि निवेदन त्या युक्तिवादाचे सांधे उघडे करी. लावणीचेच उदाहरण घेऊ. मराठी वाङ्मयेतिहासात लावणी ही शाहिरी काव्याची शाखा म्हणून येते. म्हणजे ती छापील शब्द म्हणून येते. चित्रपटाने तिला ढोलकी आणि ठेका यांच्याशी बांधून टाकले. बैठकीची लावणी या दोन्ही समजुतींना अडचणीत आणते. गाणारी बसलेली असते. नृत्याचा पदन्यास थांबतो, आणि अभिनय मुद्रेत, नजरेत, हाताच्या वळणात आणि मुख्यतः स्वरात एकवटतो. एकच ओळ पुन्हापुन्हा घेतली जाते. दर वेळी तिच्यातील एखादा शब्द निराळ्या अंगाने उजळतो. ठुमरीशी तिचे नाते येथे उघड होते, आणि तिला लोकसंगीताच्या कप्प्यात टाकून मोकळे होता येत नाही. यमुनाबाई वाईकर यांचे गाणे ज्यांनी ऐकले त्यांना हे निराळे सांगावयास नको. परंतु ही गोष्ट पुस्तकात सिद्ध कशी करायची? ओळ छापली की तिच्या पाच अदा नाहीशा होतात. येथे गाऊन दाखवणे हाच पुरावा आहे. समीक्षा आणि सादरीकरण यांतील अंतर मिटते ते या अर्थाने.

मात्र या प्रयोगावर त्यांच्याच सिद्धांतातून एक गंभीर आक्षेप निघतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. कोटी जर स्थळ, श्रोता आणि हेतू यांनी ठरत असेल, तर वातानुकूलित सभागृहात, तिकीट काढून अंधारात बसलेल्या श्रोत्यांपुढे गायली जाणारी लावणी कोणत्या कोटीची? बैठक ही मोजक्या, ओळखीच्या श्रोत्यांची असते. त्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा देता येतो. दुसरीकडे तमाशातील लावणीचा मुंबईतला मोठा श्रोता लालबाग-परळचा गिरणी कामगार होता. लालबागचे हनुमान थिएटर त्याचे होते. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या संपाने त्या श्रोत्याचे जगणेच विस्कटले. लालबागेत श्रोता पांगत असताना नरिमन पॉइंटसारख्या सभागृहांच्या परिसरात लावणीला नवा, सुशिक्षित श्रोता मिळत होता. शहराच्या नकाशावर हे अंतर फार नाही. वर्गाच्या नकाशावर ते प्रचंड आहे. या अंतराविषयी निवेदनाने कितीही सांगितले, तरी टाळी वाजते ती गाण्याला.

तरीही रानडे यांनी लावणीचे 'जतन' केले, असे म्हणून त्यांचा गौरव किंवा निषेध करणारे दोघेही मुद्दा चुकतात. जतन करणाऱ्याला मूळ संदर्भ शाबूत असल्याचा देखावा करावा लागतो. रानडे यांच्या कार्यक्रमांत निवेदक समोर असे, आणि आपण जे ऐकतो आहोत ते स्थलांतरित आहे याची जाणीव त्याच्या उपस्थितीनेच राहत असे. हे सादरीकरण लोकसंगीत नव्हते. कलासंगीत आणि जनसंगीत यांतही ते सरळ बसत नाही. 'संगम' ही संज्ञा त्याला लावता येईल काय, याचा विचार त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासकांनी आता केला पाहिजे. त्यासाठी कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे निवेदनासह, गाण्यांच्या मूळ क्रमात ऐकावी लागतील. सुटी गाणी वेचून ती लागायची नाहीत.